गावाकडची जमीन आणि मातीतला कर्ब
(खारदांडा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



खारदांडा हा कोळीवाडा. इथे शेत नाही. पण तुमच्यापैकी अनेकांची रायगड-रत्नागिरीत वाडवडिलांची भातजमीन आहे. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, कसणारे चुलते किंवा दुसरंच कोणी, आणि आपण मुंबईत. त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे.

पिकं हवेतला कार्बन घेतात. मुळं, पाला, धसकटं कुजली की त्यातला काही मातीत राहतो. हाच सेंद्रिय कर्ब. जगभरच्या मातीत वातावरणापेक्षा जास्त कार्बन आहे. नांगरटीने माती फुटते, हवा आत शिरते, सूक्ष्मजीव हा कर्ब खातात आणि तो पुन्हा हवेत जातो. कोकणात त्यात राब भाजण्याचा धूर आणि चिखलणीच्या तुंबलेल्या पाण्यातून निघणारा मिथेन यांची भर पडते.

नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी यावर ‘सगुणा राइस टेक्निक’ म्हणजे एसआरटी पद्धत रुजवली. गादीवाफे एकदाच करायचे आणि साच्याने भोकं पाडून भात टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घ्यायचा. गांडुळं वाढतात, माती भुसभुशीत होते. लावणीची कंबरमोड वाचते, आणि ती बहुतेक वेळा बायकांचीच असते.

अडचणीही सांगायला हव्यात. नांगर थांबला की तण वाढतं, म्हणून या पद्धतीत तणनाशक वापरतात. नांगरट थांबवल्याने कर्ब मुख्यतः वरच्या थरात वाढतो, एका मर्यादेनंतर थांबतो आणि पुन्हा नांगर घातला तर निघून जातो. २०१५ साली पॅरिस परिषदेत मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चारने वाढवण्याचा उपक्रम सुरू झाला. ध्येय चांगलं आहे, पण कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर माती एकटी भरून काढणार नाही.

आता कार्बन क्रेडिटचे करार गावात येऊ लागले आहेत. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. करार किती वर्षांचा? मध्येच नांगर घातला तर काय? आणि पैसे कोणाला, राबणाऱ्याला की सातबाऱ्यावरच्या नावाला? वारस नोंदीत बहिणींची नावं नसतील, तर ती आधी लावून घ्या.

ईदला किंवा मे महिन्यात गावी जाल, तेव्हा मृदा आरोग्य पत्रिका मागा. त्यात सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. पत्रिका नसेल तर पीक काढल्यावर, खत टाकण्याआधी मातीचा नमुना तपासायला द्या. मग चुलत्यांशी बसून बोला. सगळं शेत नको, दोन-चार गुंठ्यांवर एसआरटी करून पाहा आणि तीन वर्षांनी आकडा पुन्हा बघा.

जमीन विकायची की पडीक ठेवायची, एवढेच दोन पर्याय आपल्यासमोर नाहीत.