आमच्या आजीचा धंदा

(आजीच्या वर्षदिनी जमलेल्या भाऊबंद व शेजाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेलेल्या माणसाचे चार गोडवे गावे आणि जेवण उरकावे, अशी आपली रीत आहे. आज आम्हांस तेवढ्यावर थांबावयाचे नाही. एक प्रश्न आपणां सर्वांपुढे ठेवावयाचा आहे. आजी वारली तेव्हा मृत्यूच्या नोंदीचा कागद भरला गेला. त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. लिहिणाऱ्याने त्यापुढे 'काही नाही' असे लिहिले. त्याने रिवाजाप्रमाणेच लिहिले असेल. पण आम्ही विचारतो, जिने साठ वर्षे हे घर चालविले, त्या बाईला धंदा नव्हता काय?

तिचा दिवस कसा जाई ते पाहा. कोंबडा आरवण्यापूर्वी जाते सुरू होई. पुढे गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा जाते थांबले; आजी थांबली नाही. पाणी, शेणघाण, सारवण, भाकऱ्या, मग रानात न्याहारी. आणि न्याहारी पोचविली की तेथेच खुरपे घेऊन पातीला लागणे. रात्री सर्व निजले म्हणजे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे. अंडी विकून आलेला पैसा उतरंडीच्या तळच्या मडक्यात जाई. आमच्या पाट्या-पेन्सिली त्याच मडक्यातून आल्या.

बियाण्याचा कारभार तर सर्वस्वी तिचा. जोंधळ्याची कापणी होण्याआधी ती रानात फिरून भरदार कणसे वेगळी काढी. ती वाळवून, दाणे राखेत कालवून, वर निंबाचा पाला घालून मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपी. हे शिक्षण तिला कोणत्याही शाळेत मिळाले नव्हते.

1972 सालचा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेलच. तेव्हाची हकीकत आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकली. आजोबा व आजी दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडीत. घरात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. एके रात्री आजोबा म्हणाले, "फोड ते मडकं. पोरं उपाशी हायेत." आजी म्हणाली, "आवं, माझ्या वाटची भाकर पोरांला द्या. पर मडकं फुटलं तर म्होरल्या साली पेरायचं काय?" मडके फुटले नाही. किती रात्री ती पाणी पिऊन निजली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. 1973 साली पाऊस आला. ज्यांचे बियाणे पोटात गेले होते ते उसनवारीसाठी दारोदार फिरत असता आमच्या रानात तिफण चालली. सांगा, त्या साली हे शेत कोणी राखले? सातबाऱ्यावर तर एकट्या आजोबांचे नाव होते!

आणि हे एकट्या कुणब्याच्याच घरचे नाही. कुंभाराच्या घरी माती चाळते व मळते कोण? कोष्ट्याच्या घरी कांड्या भरते कोण? चाक फिरविणारा तो कारागीर, माग चालविणारा तो कारागीर, आणि बाई? ती म्हणे 'घरीच असते'! 2001 सालच्या शिरगणतीत घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी व कैदी यांच्या पंगतीला बसवून 'काम न करणाऱ्या' ठरविले होते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात याबद्दल कान उपटले. 2019 साली सरकारनेच माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97. आणि पुरुषांत घरकामाला हात लावणारेच मुळी शंभरात 26 निघाले.

कोणी म्हणेल, आईच्या मायेचा हिशेब मांडू नये. कबूल. मायेचा मांडू नका, श्रमाचा मांडा. तोंडाने लक्ष्मी म्हणावयाचे आणि कागदावर तिला जागा द्यावयाची नाही, हा कोठला न्याय? 1986 साली चांदवड येथे शेतकरी संघटनेने बायांचे मोठे अधिवेशन भरविले व पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. त्या हाकेसरशी कित्येक गावांतील शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्यांचे काही कमी झाले नाही. उलट, नवरा दारूपायी जमीन विकावयास निघाला तर दुसऱ्या सहीवाचून अडेल, एवढे कुंपण त्या घरांना पडले.

आम्ही भावांनी ठरविले आहे की, आजीच्या नावाने दगडी चौथरा बांधावयाचा नाही. त्याऐवजी आपापल्या वाटणीच्या जमिनीवर व घरावर आपापल्या बायकोचे नाव लावावयाचे. अर्ज लिहून तयार आहेत. सोमवारी आम्ही ते चावडीवर व ग्रामपंचायतीत देणार आहोत. आपणांपैकी ज्यांना पटेल त्यांनी सोबत यावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी घरी जाऊन एवढेच करावे: दिवस उजाडल्यापासून चूल विझेपर्यंत घरच्या बाईच्या मागे फिरून तिची कामे बोटांवर मोजावी. बोटे पुरली, तर आम्हांस येऊन सांगावे.

आता पाने मांडली आहेत. पहिल्या पंगतीला आयाबायांनी बसावे. आज वाढपी आम्ही पुरुष आहोत.