मुंबईहून लंडन किती लांब?

मंडळी, गावातला पोरगा विलायतेला निघाला, की घरची माणसे दोनच गोष्टी विचारतात. किती लांब? आणि पोचणार कधी? आज तेवढेच बोलू.

मुंबईच्या विमानतळापासून लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे 7,200 किलोमीटर आहे. हे झाले सर्वांत जवळच्या वाटेचे अंतर. पण जवळची वाट ओळखायची कशी? पृथ्वी गोल आहे. म्हणून एक कलिंगड घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. कोळशाने दोन ठिपके काढा. एक मुंबईचा, मधल्या पट्ट्याच्या थोडा वर. दुसरा लंडनचा, डावीकडे, देठाच्या जास्त जवळ. आता दोन्हींवर धागा घट्ट ताणा. धागा देठाकडे झुकेल. तीच जवळची वाट. ती कॅस्पियन समुद्रावरून जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र ती वाकडी दिसते!

विमान तंतोतंत धाग्यावरून जात नाही. कुठे लढाई चालू असते, कुठे आकाश बंद असते. मग वळसा पडतो.

1948 साली 8 जूनला एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. त्याआधी बोटीने जायचे तर दोन-तीन आठवडे लागत. आता विमान मध्ये कुठेही न थांबता जाते. ताशी सुमारे 900 किलोमीटर वेग धरला, तर 8 तास होतात. पण चढण्या-उतरण्यात वेळ जातो. शिवाय त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो तोंडावर येतो. म्हणून जाताना 9 ते 10 तास धरावेत. येताना वारा पाठीवर असतो. तेव्हा तासभर वाचतो.

आता तिकीट वाचू. इथे भलेभले चुकतात. समजा, हिवाळ्यातले तिकीट आहे. मुंबईहून दुपारी 2 ला सुटणार, लंडनला संध्याकाळी 6.30 ला पोचणार. मग प्रवास साडेचार तासांचाच का? नाही. तिकिटावर ज्या त्या गावचे घड्याळ असते. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. म्हणून लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. ते साडेपाच तास मिळवा. झाले 10 तास. म्हणजे पोराचा फोन आपल्या रात्री 12 नंतर येणार. तोवर उगाच जीव टांगणीला लावू नये. उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. येतानाच्या तिकिटात हा फरक वजा करायचा.

हा हिशेब आणखी एका वेळी लागतो. बोलायला जड जाते, पण सांगतो. घरात मयत झाली आणि मुलगा लंडनला असला, तर थांबायचे की नाही, हे अंगणातच ठरवावे लागते. नुसते विमानाचे 9 तास धरू नका. सुटण्याआधी 3 तास विमानतळावर जावे लागते. उतरल्यावर कागद तपासणीत तास-दीड तास जातो. पुढे मुंबईहून साताऱ्याकडचे गाव असेल, तर मोटारीचे 5-6 तास. म्हणजे तिकीट लगेच मिळाले, तरी 20 तास होतात. आधी मुलाला एवढेच विचारा, "बाबा, विमान कितीला सुटतंय?" मग बोटांवर मोजा आणि भावकीला वेळ सांगा.