जुन्या नोटेचा कागद
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



जुन्या नोटांविषयी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. या विषयातले माझे शिक्षण एक चांगली नोट बिघडवून झाले आहे. "मग तेच सांगा," असे त्या म्हणाल्या.

सासऱ्यांच्या पोथीत दहा रुपयांच्या दोन नोटा निघाल्या. दोन्हींवर सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र. रिझर्व्ह बँकेने त्या राजाच्या नोटा १९३८ सालापासून काढल्या. एका नोटेला मधोमध घडी आणि कडेला तेलकट डाग होता. दिवाळीची साफसफाई चाललेली, माझे हात शिवशिवले. नोटेचा कागद कापसाच्या चिंध्यांचा असतो, म्हणून तो पाण्यात टिकतो. मला वाटले, हे आपल्या लुगड्यासारखेच! साबणाने धुतली, पातळ खळ दिली, वर मलमलचे फडके घालून इस्त्री फिरविली. नोट अशी ताठ झाली म्हणता!

माझा भाचा नोटा जमवितो. त्याने ती खिडकीपाशी तिरपी धरली मात्र, आणि विचारले, "मावशी, हिला इस्त्री कोणी केली?"

मी गप्पच. मग त्याने दोन्ही नोटा शेजारी ठेवून मला दाखविले. न धुतलेल्या नोटेचा कागद थोडा लहरी होता, अगदी सपाट नव्हता. क्रमांक ठशाने दाबून छापलेला असला तर पाठीमागून बोटाला किंचित उठाव लागतो. माझ्या नोटेवर तो पार बसला होता. घडी गेली असे मला वाटले होते, पण तिरप्या उजेडात तिची रेघ दिसतच होती. मोडलेले तंतू इस्त्रीने सांधत नाहीत. ताठपणाही खळीचा, कागदाचा नव्हे. शेवटी त्याने जांभळ्या किरणांचा दिवा लावला. नोटेचा कागद त्याखाली मंद दिसावा, तर माझी नोट धुतलेल्या सदऱ्यासारखी निळसर चमकू लागली. साबणातल्या पांढरे करणाऱ्या द्रव्याची ही चहाडी!

एक मात्र ऐका. टाचणीची वा पिनेची भोके पाहून घाबरू नका. आपल्याकडे नोटांची बंडले पिना मारूनच मिळत; रिझर्व्ह बँकेने ती पद्धत २००१ साली बंद करविली. जुन्या नोटेला ती भोके शोभतात. पण कोणी ती खळ भरून बुजविली असतील, तर उजेडासमोर धरल्यावर तेथे ठिपका दिसतो, आणि असली नोट मी भोकाच्या नोटेपेक्षा हलकी मानते.

पुढे नातीच्या फीसाठी नोटा विकायची वेळ आली. घरी आलेल्या गृहस्थांनी इस्त्रीची नोटच आधी उचलली आणि "फार सुरेख राहिली आहे हो," म्हणाले. सूनबाईने माझ्याकडे पाहिले. फीला अजून बरेच पैसे कमी पडत होते. मी म्हटले, "ती धुतलेली आहे. मीच धुतली." त्यांनी ती पुन्हा उजेडाला धरली, हसले, आणि भाव निम्म्याहून खाली आणला. दुसरीचा मात्र पुरा भाव दिला, घडीबिडी न काढता.

धुतलेली नोट मी दिली नाही. ती आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी प्रत्येकीने खिडकीपाशी तिरपी धरून पाहावी; फक्त हात कोरडे असू द्या.