राखेखालचा तिसरा हिस्सा



पॉम्पेईवर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा ज्वालामुखीपासून सुरुवात करतो. मी आज कुदळीपासून करणार आहे. व्हेसुव्हियसने इ. स. ७९ मध्ये हे रोमन शहर गाडलं आणि जवळजवळ सतराशे वर्षं ते जमिनीखाली राहिलं. त्यानंतर पावणेतीनशे वर्षं माणसं ते उकरत आहेत. पॉम्पेईबद्दल आपल्याला काय कळलं आणि काय आता कधीच कळणार नाही, हे या उकरण्याच्या रीतीवर ठरलं आहे.

तरी शहर गाडलं कसं गेलं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण खोदकामाची सगळी गंमत त्या थरांमध्ये आहे. नेपल्सच्या आखातापलीकडे मिसेनम नावाचं बंदर होतं. तिथून सतरा वर्षांच्या प्लिनीने डोंगरावर उठलेला ढग पाहिला. उंच खोड आणि माथ्यावर पसरलेल्या फांद्या, असं पाइन वृक्षाच्या आकाराचं वर्णन त्याने पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात केलं आहे. त्याचा मामा, थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. तो जहाजं घेऊन मदतीला निघाला आणि स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. राखेचा तो स्तंभ सुमारे तीस किलोमीटर उंच गेला असावा. वारा आग्नेयेकडे वाहत होता, त्यामुळे पॉम्पेईवर आधी दगडांचा पाऊस पडला. टाच घासायच्या वजरीसारखा हलका, सच्छिद्र दगड तासन्‌तास पडत राहिला आणि त्याच्या भाराने छपरं कोसळली. दुसऱ्या दिवशी पहाटेनंतर तप्त वायू आणि राखेचे लोट उतारावरून शहरात घुसले आणि मागे राहिलेली माणसं त्यात सापडली. म्हणजे पॉम्पेईत खाली दगडांचा थर आहे आणि वर बारीक राखेचा. पश्चिमेकडच्या हर्क्युलेनियमवर दगड फारसे पडलेच नाहीत. तिथे लोटांमागून लोट आले आणि सुमारे वीस मीटर जाडीचा थर खडकासारखा घट्ट झाला.

आता कुदळीकडे येतो. हर्क्युलेनियमचं पद्धतशीर खोदकाम १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये नेपल्सच्या बूर्बाँ राजाच्या हुकमाने सुरू झालं. पद्धतशीर म्हणायचं ते एवढ्याचसाठी, की पगारी मजूर होते आणि देखरेखीला लष्करी अभियंता होता. राजवाड्याला हवे होते पुतळे आणि चित्रं. हर्क्युलेनियमच्या खडकात भुयारं खणायची, हाताला लागेल ते काढायचं, भिंतीवरच्या चित्राची चौकट कापून न्यायची, आणि पुढचं भुयार खणताना मागचं भरून टाकायचं, असं ते काम चाले. विंकेलमान या जर्मन विद्वानाने नोंदवलेला एक प्रकार वाचून मला आजही चीड येते. एका इमारतीवर ब्राँझच्या मोठ्या अक्षरांचा लेख सापडला. कुणी त्याची नक्कल करून घेतली नाही. अक्षरं एकेक करून उपटली, टोपलीत भरली आणि राजाला दाखवायला पाठवून दिली. लेखात काय होतं, हे त्या टोपलीकडे बघून कोण सांगणार? अक्षरं राहिली, वाक्य गेलं. पॉम्पेईचं तर नावसुद्धा खोदणाऱ्यांना १७६३ पर्यंत निश्चित ठाऊक नव्हतं. त्या वर्षी एक शिलालेख मिळाला तेव्हा खात्री पटली.

अपवाद होते, हेही सांगितलं पाहिजे. कार्ल वेबर या स्विस अभियंत्याने त्याच भुयारांतून फिरून इमारतींचे नकाशे काढले. वरिष्ठांना ते आवडलं नाही, पण हर्क्युलेनियमच्या भव्य ‘पपायरसच्या व्हिला’ची रचना आज आपण त्याच्याच नकाशावरून समजून घेतो.

खरा बदल पुढे पॉम्पेईच्या खोदकामाची सूत्रं हाती घेतलेल्या जुझेप्पे फियोरेल्लीने घडवला. त्याने शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक घरवस्तीला आणि दाराला क्रमांक दिला, आणि घरं समोरून न फोडता वरून एकेक थर उचलायची शिस्त लावली. त्याचं सर्वांत प्रसिद्ध काम १८६३ मधलं. राखेच्या थरात मजुरांना पोकळ्या लागत आणि तळाशी हाडं दिसत. राख शरीराभोवती घट्ट बसली होती, पुढे शरीर कुजून गेलं आणि त्याचा साचा मात्र शिल्लक राहिला. फियोरेल्लीने पोकळीत प्लॅस्टर ओतायला सांगितलं, ते वाळल्यावर भोवतीची राख खरवडली. आत माणूस होता. कपड्याच्या चुण्या, दुमडलेली बोटं, तोंडावर धरलेला हात, सगळं स्पष्ट. दगडांच्या थरात असे साचे बनत नाहीत, तिथे नुसते सांगाडे मिळतात. याआधी अशा किती पोकळ्या न बघता फोडल्या गेल्या असतील, याचा विचार मला सोडत नाही.

या प्लॅस्टरच्या माणसांना आपण लगेच नातीही देऊन टाकली. ‘सोन्याच्या कड्याचं घर’ नावाच्या घरात एक प्रौढ व्यक्ती सापडली, अंगावर जड कडं, जवळ लहान मूल. सर्वांनी म्हटलं, आई आणि लेकरू. दुसऱ्या एका घरात दोघं एकमेकांना बिलगलेली होती, ती झाली बहिणी किंवा मायलेकी. प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या हाडांतून संशोधकांनी डीएनए काढला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडं घातलेली व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. बिलगलेल्या दोघांपैकी किमान एक पुरुष. कडं दिसलं की बाई आणि बाईजवळ मूल दिसलं की आई, हे आपण ठरवलं होतं. मरताना परक्या मुलाला जवळ घेणारा माणूस मला त्या जुन्या कथेपेक्षा कमी हृदयस्पर्शी वाटत नाही. आणि हे कळलं ते फियोरेल्लीच्या पद्धतीत हाडं प्लॅस्टरच्या आतच राहतात म्हणून.

अलीकडच्या खोदकामातली दोन उदाहरणं जवळून बघू. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ मिळाली. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधीचा सोळावा दिवस, म्हणजे रोमन मोजणीने १७ ऑक्टोबर, नोंदवला आहे. स्फोटाची परंपरागत तारीख २४ ऑगस्ट. ओळीत वर्ष नाही, म्हणून काही अभ्यासक अजून सावध आहेत. पण कोळशाची अक्षरं भिंतीवर सहसा फार काळ टिकत नाहीत, आणि शरद ऋतूतली फळं, शेगड्या, मुरायला ठेवून झाकणं बंद केलेले द्राक्षरसाचे रांजण हे पुरावे आधीपासून होतेच. मला ऑक्टोबरच पटतो. घाईची कुदळ असती तर ती ओळ गिलाव्याच्या ढिगाऱ्यात गेली असती.

दुसरं उदाहरण बेकरीचं. २०२३ मध्ये नवव्या विभागात एक पीठगिरणी आणि भट्टी उजेडात आली. रस्त्याकडे उघडणारी खिडकी नाही. उजेडासाठी उंचावर लहान झरोके, त्यांना लोखंडी गज. आत लाव्हाच्या दगडाची जाती. ती ओढायला गाढवं, आणि गाढवांबरोबर गुलाम. फरशीवर अर्धवर्तुळाकार खाचा कोरलेल्या आहेत. डोळे बांधलेली जनावरं शेजारीशेजारी फिरताना एकमेकांवर आदळू नयेत, म्हणून त्यांची पावलं जुळवायची ती सोय होती. पॉम्पेईचे जळून कोळसा झालेले गोल, आठ फाकांचे पाव आपण संग्रहालयात कौतुकाने बघतो. एका भट्टीत असे ८१ पाव मिळाले होते. त्या पावांमागचा श्रम कसल्या खोलीत होत असे, ते ही फरशी सांगते. अठराव्या शतकातल्या खणणाऱ्याने अशा फरशीवर पाय देऊन पुतळा शोधला असता.

वस्तू कुठे, कोणत्या थरात मिळाली याला एवढं महत्त्व का, हे आपल्याला एका हस्तिदंती मूर्तीवरून चांगलं समजेल. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांच्या खोदकामात पॉम्पेईतल्या एका साध्या घरात ती सापडली. उंची साधारण पंचवीस सेंटिमीटर. गळ्यात, कमरेला, हातापायांत दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आज बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला मिळाल्या आहेत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. दोन्ही सातवाहन काळातली व्यापारी गावं. पॉम्पेईच्या मूर्तीच्या बैठकीवर मात्र खरोष्ठी अक्षर आहे आणि ही लिपी वायव्येकडची. त्यामुळे मूर्ती दख्खनमध्ये घडली की उत्तरेत, हा वाद मिटलेला नाही. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. ती राखेखाली होती, म्हणजे ७९ सालाच्या आधी घडली. आपल्याकडच्या कलावस्तूंचा काळ शैलीवरून अंदाजाने ठरवावा लागतो. इथे व्हेसुव्हियसने तारीख घालून दिली. हीच मूर्ती राजाच्या टोपलीतून गेली असती तर ती एक सुंदर, बेवारस बाहुली ठरली असती.

पॉम्पेईचं क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर आहे आणि त्याचा जवळजवळ एकतृतीयांश भाग आजही खोदलेला नाही. हर्क्युलेनियमचा मोठा भाग आजच्या गावाखाली आहे. उरलेलं लगेच खोदा, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. व्हेसुव्हियस जिवंत आहे, तो शेवटचा १९४४ मध्ये उसळला. पपायरसच्या व्हिलात अजून ग्रंथ असतील तर ते पुन्हा गाडले जाण्याआधी बाहेर काढावेत, असं त्यांना वाटतं. पण याच व्हिलाची कथा मला उलट दिशेला नेते. १७५२ पासून तिथे कोळसा झालेल्या पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या मिळाल्या. कुणी त्या सुरीने कापल्या, कुणी उलगडायला गेलं आणि त्यांचा चुरा झाला. ज्या कुणी हात न लावता ठेवल्या, त्यांचं क्ष-किरणांनी चित्रण करून संगणकाच्या मदतीने, गुंडाळी न उघडता, २०२३ मध्ये पहिला शब्द वाचला गेला. पुढच्याच वर्षी सुखाविषयीच्या तत्त्वचिंतनाचे सलग उतारे हाती आले.

खोदलेलं सांभाळायचीही ताकद लागते. पॉम्पेईतली ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही इमारत २०१० मध्ये पावसाने ढासळली, तेव्हा साऱ्या जगाने इटलीला नावं ठेवली. त्यानंतर १०५ दशलक्ष युरोंची योजना आली, भिंती सावरल्या गेल्या. उघडी पडलेली प्रत्येक भिंत ऊन, पाऊस, गवताची मुळं आणि पर्यटकांचे पाय यांच्या तावडीत असते, राखेखालची नसते. गेल्या काही वर्षांतलं बरंचसं नवं खोदकाम न खोदलेल्या भागाच्या कडा ढासळू नयेत म्हणून हाती घेतलेल्या कामातूनच निघालं आणि मला तेवढंच योग्य वाटतं. कड ढासळते आहे तिथे खोदावं, चोर भुयारं मारत आहेत तिथे त्यांच्या आधी पोचावं. बाकीचा तिसरा हिस्सा आपल्या पिढीने राखेखालीच राहू द्यावा.