प्रौढांचे शय्यामूत्र : लाज नको, तपासणी हवी



काही दुखणी अशी असतात की ती शरीराला जितकी पीडा देतात, त्याहून अधिक मनाला देतात. प्रौढ वयात झोपेत अंथरूण ओले होणे हे त्यांपैकीच एक होय. लहान मुलाच्या बाबतीत घर ही गोष्ट हसून सोडून देते. तीच गोष्ट पंचविशीतल्या तरुणाच्या किंवा सत्तरीतल्या आजोबांच्या वाट्याला आली, की घरात कुजबूज सुरू होते. वाकळ पहाटेच धुतली जाते, परगावचा मुक्काम टाळला जातो, वसतिगृहातील प्रवेश नाकारला जातो, ठरत आलेले लग्न मोडते. दवाखान्याची पायरी मात्र चढली जात नाही. त्यामागे लज्जा हे एक कारण असते आणि खर्चाची धास्ती हे दुसरे. विमा नसलेल्या कुटुंबात ही दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात.

वस्तुस्थिती अशी आहे की प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एक-दोघांना हा त्रास असतो. शे-दोनशे प्रौढांच्या लहानशा वस्तीतही असा एखादा मनुष्य असण्याचा संभव आहे. तो बोलत नाही, एवढेच.

हे लक्षण आहे

शय्यामूत्र हा आळशीपणा नव्हे, की मनाचा दुबळेपणा नव्हे. ते एक लक्षण आहे. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिल्या प्रकारात बालपणापासून हा त्रास कधी थांबलेलाच नसतो. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. रात्री मूत्र कमी तयार व्हावे म्हणून शरीरात जे संप्रेरक वाढते, ते काहींच्या बाबतीत पुरेसे वाढत नाही. काहींचे मूत्राशय थोड्याशा मूत्रानेही आकुंचन पावते, तर काहींना मूत्राशय भरल्याची जाणीव होऊनही जाग येत नाही.

दुसऱ्या प्रकारात मनुष्य वर्षानुवर्षे कोरडा राहिलेला असतो आणि मग अचानक त्रास सुरू होतो. हा प्रकार कधीही दुर्लक्षिता येत नाही. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर मूत्रावाटे बाहेर पडताना आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेतील अपस्माराचे झटके, मज्जारज्जूचे विकार, झोपेची औषधे व मद्य हीही कारणे असू शकतात. मोठ्याने घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाच्या हृदयावर ताण येतो आणि मूत्र वाढविणारे द्रव्य रक्तात उतरते. अशा वेळी श्वासाचा इलाज झाला की अंथरूणही कोरडे राहू लागते.

ज्येष्ठ पुरुषांनी विशेष जपावे

साठी ओलांडलेल्या पुरुषाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागले, तर घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून विषय संपवितात. येथेच मोठा धोका असतो. वयोमानाने पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढते आणि मूत्राचा मार्ग अरुंद होतो. मूत्राशय कधीच पुरते रिकामे होत नाही. साधारणपणे अर्धा लिटरच्या आत-बाहेर सामावणाऱ्या त्या पिशवीत हळूहळू एक लिटरहूनही अधिक मूत्र साचते. हे इतक्या संथपणे घडते की पुष्कळदा वेदना होत नाही. रात्री स्नायू सैल पडले की भरलेला हंडा ओसंडावा तसे मूत्र बाहेर येते. साचलेल्या मूत्राचा दाब मागे मूत्रपिंडांवर पडतो आणि ती निकामी होऊ लागतात. वेळीच नळी घालून मूत्राशय रिकामे केले, तर मूत्रपिंडे बऱ्याच अंशी सावरू शकतात. उशीर झाला तर मात्र डायलिसिसची पाळी येते. ओले अंथरूण ही अशा वेळी शरीराने दिलेली पूर्वसूचना असते. ती लपविणारे कुटुंब खर्च वाचवीत नाही, तो वाढवीत असते.

विम्याचा प्रश्न

विमा नाही म्हणून घरी बसणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतो. या तक्रारीची पहिली तपासणी मात्र बाह्यरुग्ण विभागात होते. त्यामुळे पहिल्या पायरीवर विमा असलेला व नसलेला असे दोघेही जवळजवळ सारखेच असतात.

आणि ही पहिली पायरी महाग नाही. मूत्राची साधी तपासणी, रक्तातील साखर, पोटाची हाताने तपासणी आणि लघवी केल्यानंतर आत किती मूत्र उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर निदानाचा मोठा भाग उलगडतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. प्रारंभ प्राथमिक आरोग्य केंद्रात करावा. सोनोग्राफीसाठी तेथून वरच्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते किंवा कसे, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. औषधे बाहेरून घ्यावी लागल्यास त्यांचे मूळ नाव लिहून मागावे; जन औषधी केंद्रात ती स्वस्त मिळतात.

तथापि निःशुल्क म्हणजे बिनखर्ची नव्हे. एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे. म्हणून एकच फेरी सार्थकी लागावी, यासाठी तीन दिवसांची नोंद घरीच करावी. किती वाजता किती पाणी व चहा घेतला, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, कोणत्या रात्री अंथरूण ओले झाले, कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहावे. जे तोंडाने सांगवत नाही ते हा कागद सांगतो.

घरी काय करता येईल

पाणी तोडू नये. ते दिवसा पुरेसे प्यावे व झोपेपूर्वीचे दोन तास कमी करावे. संध्याकाळनंतर चहा व मद्य टाळावे. झोपण्यापूर्वी लघवीला जावे आणि थोड्या वेळाने पुन्हा जावे. बद्धकोष्ठावर इलाज करावा. गादीवर मेणकापड घालून वर सुती चादर अंथरावी. ओलाव्याबरोबर घंटा वाजविणारे साधन १९३८ साली अमेरिकेत मॉरर दांपत्याने प्रसिद्ध केले. त्याचा उपयोग आजही होतो, परंतु त्याला काही आठवडे नेटाने द्यावे लागतात. डेस्मोप्रेसिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नये; तिने रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने घटू शकते व ज्येष्ठांना हा धोका अधिक असतो.

लघवीत रक्त, थंडीताप, पायांत नवी अशक्तता, जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतर रात्रंदिवस मूत्र झिरपत असल्यास ते नशीब मानू नये. तो शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा विकार असू शकतो.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी वसतिगृहातील मोठ्या विद्यार्थ्याला चारचौघांत जाब विचारू नये. त्याला एकांतात गाठून डॉक्टरांकडे न्यावे. ग्रामपंचायतीने शौचालयापर्यंतच्या वाटेवर दिवा लावावा आणि आत ज्येष्ठांना धरण्यासाठी दांडी बसवावी. आशा स्वयंसेविकेने मधुमेहाची चौकशी करताना रात्रीच्या लघवीबद्दलही हळूच विचारावे. अधिकाऱ्यांनी अशा कर्मचाऱ्याची रजा मंजूर करताना कारणाचा गवगवा होऊ देऊ नये. या गोष्टींना फार निधी लागत नाही.

ज्याला हा त्रास आहे, तो स्वतःहून पुढे येणे कठीण असते. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, त्यानेच हा विषय आधी उघडपणे, साध्या शब्दांत बोलावा. ‘हे अनेकांना होते, याची तपासणी होते, आणि ती आपल्या केंद्रात होते’ एवढे तीन बोल एखाद्या घराची लाज उतरवू शकतात आणि एखाद्या वडीलधाऱ्याची मूत्रपिंडे वाचवू शकतात.