नखं तपासणी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'एआय आणि आपल्या मुलांचं करिअर'. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय विचारणार? पण गेलं वर्षभर आमच्या घरात करिअरची जी चर्चा चालली आहे ती नखांची आहे. तिच्याबद्दल मला जास्त खात्रीनं बोलता येईल. विषय बदलते आहे, रागावू नका.

नखं म्हटलं की आपल्याला सोमवार आठवतो. प्रार्थना संपली की हात पुढे, आणि बाई फूटपट्टी घेऊन रांगेतून चालल्या आहेत. मी पाचवीत असताना मावसबहिणीच्या लग्नाहून लाल नखं घेऊन आले होते. रविवारी रात्री घरात रिमूव्हर नव्हतं, म्हणून आप्पांच्या दाढीच्या ब्लेडनं रंग खरवडला. रंग गेला, त्याबरोबर नखाचा पापुद्राही गेला. आठवडाभर गरम आमटीत बोट बुडालं की डोळ्यांत पाणी यायचं. ही आठवण पुढे लागणार आहे.

माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, बी.कॉम. झाल्यावर सांगलीहून माझ्याकडे पुण्याला आली आणि तिनं नेल टेक्निशियनचा तीन महिन्यांचा कोर्स केला. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तुझ्याकडे नखं रंगवायला पाठवली का मी तिला?" मी भाचीची बाजू घेतली खरी, पण मनातून मलाही वाटत होतं, करेल सहा महिने आणि येईल ताळ्यावर.

कोर्समध्ये जेल पॉलिश, टिप चिकटवून नख वाढवणं आणि थोडं नेल आर्ट एवढं झालं. सर्टिफिकेट मिळालं, एका सलोनमध्ये नोकरीही लागली. आणि दुसऱ्याच महिन्यात प्रश्न उभा राहिला, पुढं काय शिकायचं? तिच्या फोनवर रोज नवी जाहिरात. अ‍ॅक्रिलिक स्कल्प्टिंग, थ्रीडी नेल आर्ट, ड्रिल मशीननं करायचं रशियन मॅनिक्युअर, परदेशी नावाचा मास्टर डिप्लोमा. पाच दिवसांत 'ट्रेनर' करून देणारासुद्धा एक कोर्स होता! जिनं स्वतः जेमतेम पन्नास जणींची नखं केली, ती सहाव्या दिवशी दुसऱ्यांना शिकवणार.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. एक्सेल उघडलं. फी, दिवस, सर्टिफिकेट कोणाचं, पगार किती वाढेल, पैसे किती महिन्यांत सुटतील. मास्टर डिप्लोमा पहिला आला. फी ८५,००० रुपये. निम्मे मी देणार, निम्मे बहीण. बहिणीला तर त्या परदेशी नावाची फ्रेम हॉलमध्ये लावायची होती. भाची काहीच बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाली, "मावशी, माझ्याकडून एकीची नखं खराब झाली." तिची पहिली कायमची गिऱ्हाईक, एका शाळेत शिक्षिका. जेल काढायला आल्या होत्या, घाई होती. जेल पॉलिश साध्या नेलपॉलिशसारखं पुसून निघत नाही. वरचा थर घासून कमी करायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग जेल मऊ पडून सुटतं. हिनं पाच मिनिटांतच फॉइल सोडली आणि चिकटून राहिलेलं जेल लाकडी काडीनं उचकटलं. जेलबरोबर नखाचे पापुद्रे निघाले. त्या बाई तीन दिवसांनी सलोनमध्ये परत आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, भांडी घासताना गरम पाणी सहन होत नाही."

बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने जातात. म्हणजे पाच मिनिटांच्या घाईची खूण त्या बाई सहा महिने रोज बघणार. मला आप्पांचं ब्लेड आठवलं.

मी विचारलं, "कोर्समध्ये जेल काढायला शिकवलं नव्हतं का?" तर शिकवलं होतं, एका दुपारी. वीस मुली, एक शिक्षिका, आणि सराव प्लॅस्टिकच्या हातावर. प्लॅस्टिकचं नख सोलून निघत नाही आणि त्याला भाजतही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक्सेलमध्ये सगळे कॉलम तिला पुढं काय मिळेल याचे होते. आज तिचा हात कुठं चुकतो, याचा एकही नव्हता. ऑफिसात नव्या मुलांच्या बाबतीत मी ही चूक करत नाही. ज्याला स्वतःच्या कोडमधला बग सापडत नाही त्याला आम्ही आर्किटेक्चरच्या कोर्सला पाठवत नाही. घरच्या मुलीच्या बाबतीत मात्र फ्रेम दिसली आणि भुलले.

मग आम्ही दोघींनी नव्यानं बसून वहीत प्रश्न लिहिले आणि रविवारभर फोन केले. एका शिक्षिकेमागे मुली किती? सराव खऱ्या हातांवर किती वेळा? जेल काढणं आणि नख तयार करणं याला किती दिवस? हिरवट किंवा काळं पडलेलं नख आलं तर काय शिकवता? आणि शेवटचा, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, ओलं जेल त्वचेला लागलं तर?

या शेवटच्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण या हॉलमध्ये जेल लावलेली बरीच नखं मला दिसताहेत. जेल काय, अ‍ॅक्रिलिक काय, ही सगळी अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं. दातांच्या कामातही याच कुळातली वापरतात. दिव्याखाली नीट कडक झालं की जेल सहसा त्रास देत नाही. पण ओलं किंवा अर्धवट कडक झालेलं जेल पुन्हा पुन्हा त्वचेला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी येऊ शकते, आणि ती एकदा आली की बहुधा जन्मभर राहते. पुढं दातांत भरायचं सिमेंट किंवा सांधा बदलताना वापरतात ते हाडांचं सिमेंट, यांनाही ती अडचणीची ठरू शकते. पातळ हातमोज्यांतून ही रसायनं थोड्या वेळात आरपार जातात. यातलं हेमा नावाचं एक रसायन युरोपीय संघानं २०२० च्या नियमानुसार फक्त व्यावसायिकांसाठी ठेवलं. टीपीओ नावाचं दुसरं, जे जेल कडक व्हायला मदत करतं, त्यावर तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. कारण वेगळं, प्रजननाला धोका असल्याची शंका. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा जेल लावून जातं. लावणाऱ्या मुलीचे हात रोज आठ तास त्यातच असतात. तिला अ‍ॅलर्जी आली तर धंदाच संपला.

मास्टर डिप्लोमावाल्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलं, "काही होत नाही मॅडम, पुसून टाकायचं." मी ८५,००० वर काट मारली.

आपल्याकडे या कामाला परवान्याची सक्ती नाही. अमेरिकेत राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे सर्टिफिकेटची किंमत ते देणाऱ्याच्या कामाइतकीच. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल काउन्सिलनं या कामासाठी मानकं ठरवली आहेत. कुठलाही अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून बघता येतो. आम्ही बघितला. जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत होतं त्यातलं बरंचसं त्यांत नव्हतं. हात धुणं आणि हत्यारं निर्जंतुक करणं मात्र होतं.

शेवटी भाचीनं निवडला तो कोर्स ठाण्याचा. पंधरा दिवस, एका वेळी चार मुली, शिकवणाऱ्या बाई स्वतः वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून काम केलेल्या. फोनवर त्यांनी उलट तिलाच विचारलं, "तुझा दिवा आणि तुझं जेल एकाच कंपनीचं आहे का?" नव्हतं. दिवा वेगळा असला तर वरून कडक वाटणारं जेल आतून कच्चं राहू शकतं, हे तिला तिथं कळलं. फी २२,०००. बहीण म्हणाली, "एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार."

पहिले चार दिवस रंगाची बाटली उघडलीच नाही. नुसतं काढणं, घासणं, क्युटिकलचा कुठला भाग मृत आणि कुठला जिवंत ते ओळखणं. ड्रिल मशीन आधी स्वतःच्या नखावर, कारण भाजतं म्हणजे काय ते स्वतःला कळलं की हात आपोआप हलका होतो. नखाखाली नवी काळी रेघ दिसली तर रंग लावायचा नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगायचं. हिरवा डाग दिसला तर वरून काही झाकायचं नाही. गिऱ्हाईक परत पाठवणंही तिथं शिकवलं, आणि भाचीला तेच सगळ्यात अवघड गेलं. सलोनच्या मालकीणबाईंना अजूनही ते फारसं रुचत नाही.

त्या शिक्षिका बाईंना तिनं फोन करून बोलावलं. पैसे न घेता दर तीन आठवड्यांनी नखं कापून, तेल लावून देते. रंग लावत नाही. नवं नख आता अर्ध्याच्या वर आलं आहे.

अ‍ॅक्रिलिक ती दिवाळीनंतर शिकणार आहे, स्वतःच्या पैशांतून. माझ्या एक्सेलकडे तिनं पुन्हा बघितलेलं नाही.

वहीतले ते प्रश्न माझ्या फोनमध्ये उतरवून ठेवले आहेत. कुणाच्या घरी असा विचार चालू असेल तर जेवणाच्या पंगतीत मला गाठा. आणि बाई, आज नखं तपासायची असतील तर मी रांगेत पहिली उभी राहते. सकाळीच भाचीनं तपासून पाठवलं आहे.