चौक लिहिणारे हात



वारली चित्रकलेचा विषय निघाला की तारप्याभोवती फेर धरलेली पांढरी माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. साड्यांवर, भेटकार्डांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर ती आता सर्वत्र दिसतात. ही चित्रे मुळात कोणाच्या अधिकाराची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो अधिकार पाड्यावरील जाणत्या स्त्रियांचा होता व आहे.

डहाणू-तलासरीकडे लग्न निघाले की कुडाची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरू दिला जातो. वाटलेल्या तांदळाच्या पांढऱ्या पाण्यात बांबूची काडी बुडवून सवाशिणी चौक लिहितात. चौक काढत नाहीत, लिहितात. शब्द त्यांचाच आहे. मध्यभागी पालघट देवी, चौकटीला साखळीसारखी नक्षी, आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. चौकाविना लग्न लागत नाही. लग्नाचे विधी धवलेरी चालविते, आणि तिच्या गाण्यांतूनच देवदेवतांच्या कथा पुढील पिढीस मिळतात. कोणती आकृती कोठे यावी, हे कोणत्याही पोथीत सापडणार नाही. वडीलधाऱ्या बाईच्या शेजारी बसून, तिचा हात पाहूनच ते शिकावे लागते.

ही विद्या कागदावर उतरविणाऱ्यांत अग्रणी ठरले ते जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील. वास्तव्य डहाणू तालुक्यातील गंजाड येथे. बालपणी आई वारल्यावर त्यांची वाचा बसली आणि ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे म्हणतात. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या पाड्यांवर आले. स्त्रियांना कागद देता देता त्यांची दृष्टी म्हसे यांच्या कामावर गेली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री असे सन्मान म्हसे यांना लाभले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

पुरुषाने, तेही लग्नकार्याचे निमित्त नसताना, नित्य चित्रे काढणे हे रूढीस सोडून होते. तरी म्हसे यांनी जे चितारले ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलेच: कणसरी ही धान्यदेवता, वारुळे, मासेमारीचे जाळे, तारप्याचा फेर. या चित्रांत वृद्धांची व्यक्तिचित्रे शोधण्यात अर्थ नाही. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ. त्याला चेहरा नसतो, थोरलेपणाची वेगळी खूणही नसते. वृद्धांचा मान कथा न बिघडवता सांगण्यात आहे, आणि म्हसे यांच्या कागदावर तो मान पाळलेला दिसतो.

कागदाबरोबर चित्रकाराचे नाव आले. भिंतीवर नाव नसे. एकाची कीर्ती देशोदेशी पोचली, हे योग्यच झाले. पण ज्यांच्याकडून हे सारे आले त्या असंख्य बाया अनामिकच राहिल्या. भौगोलिक चिन्हांकनाने ‘वारली’ या नावास संरक्षण मिळाले खरे, परंतु धवलेरीबरोबर जे गाणे जाते ते कोणत्याही नोंदणीने परत येत नाही. गेरूच्या भिंती कमी होऊन सिमेंटच्या वाढत आहेत. शाळांतून त्रिकोण-वर्तुळ जोडण्यास शिकवले जाते, त्यामागची गोष्ट बहुधा सांगितली जात नाही.

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांना बरेच करता येण्यासारखे आहे. चित्रकलेच्या तासाला पाड्यावरील वृद्ध बाईस सन्मानाने बोलवावे, तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, ती मुलांकडून उतरवून घ्यावी आणि खाली तिचे नाव घालावे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेलाच आहे. भित्तिचित्रांच्या अंदाजपत्रकात रंगाची व मजुरीची रक्कम असते. जाणत्या बाईच्या मानधनाचीही असावी, असा आग्रह ग्रामसभा धरू शकेल. पालघटीचा लग्नाचा चौक कचेरीच्या भिंतीवर काढावा की काढू नये, हेही त्याच बायांना विचारले पाहिजे, आणि तेही रंगाचे डबे उघडण्यापूर्वी.